साहेब घर पाहून गेले

आमच्या गल्लीत एक संपूर्ण, नीटनेटकं, खातंपितं घर होतं. फक्त ते अकरा घरांत वाटून ठेवलेलं होतं.

म्हणजे असं, की सोनेरी काठाच्या कपबशा शेवंताकाकूंकडे (पाच कप आणि सहा बशा, सहाव्या कपाचं नाव काढलं की काकू अजून डोळ्यांना पदर लावत). घडीची लोखंडी खुर्ची ड्रायव्हरकाकांकडे. भिंतीवरचं घड्याळ विहाराच्या शेजारी राहणाऱ्या मास्तरांकडे. गुलाबाच्या फुलांची चादर आणखी कुणाकडे. कुणाच्या पोरीला बघायला पाहुणे येणार असले, की सकाळपासून ही सगळी वरात त्या घराकडे निघायची. पाहुणे यायचे, खुर्चीवर बसायचे, चहा घेऊन ‘घर चांगलं आहे हो’ म्हणून जायचे आणि अर्ध्या तासात घर पुन्हा अकरा ठिकाणी पांगायचं. याला कुणी फसवणूक म्हणत नसे. पाहुण्याला कान तुटलेल्या कपात चहा देणं हे आमच्याकडे फसवणुकीपेक्षा वाईट समजलं जाई. त्या एका चादरीवर सात पोरींची लग्नं ठरली! (आठवीचं मोडलं, पण त्यात चादरीचा काही दोष नव्हता.)

हे सांगायचं कारण, एकोणऐंशी-ऐंशीच्या सुमाराला आमच्या घरी एक सरकारी साहेब आले, आणि हे त्या जातीचे पाहुणे नव्हेत एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात शिरली नाही. तेव्हा मी सतरा वर्षांची होते, नुकतीच कॉलेजात जायला लागले होते, आणि त्यामुळे मला सगळंच कळत होतं.

झालं होतं असं, की गरीब कुटुंबांना सरकार रोख पाचशे रुपये देणार अशी बातमी आली. रोख! हातात! आणि परत फेडायचे नाहीत! दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, यावर विश्वासच बसेना. कांद्याच्या मार्केटात हमाली करणाऱ्या माणसाला फुकटात फक्त धूळ मिळते, हा त्यांचा अनुभव. पण मी अर्ज लिहिला (माझं अक्षर गल्लीत पहिल्या नंबरचं!) आणि आठ दिवसांत कचेरीचं पत्र आलं, की अमुक गुरुवारी दुपारी तीन वाजता अधिकारी घर पाहायला येतील आणि रकमेचं काय करणार ते विचारतील.

त्या पत्रानंतर आमच्या घरानं ते पाचशे रुपये कमीत कमी नऊ वेळा खर्च केले. पैसे हातात यायच्या आधी खर्च करण्यात जी गोडी आहे, ती नंतर नाही. रोज संध्याकाळी भाकरी खाताना आमचा बाजार भरायचा.

दादांना जुनी का होईना, सायकल हवी होती. घरापासून मार्केटपर्यंत ते रोज पायी जात आणि दिवसभर पाठीवर गोण्या वाहून पायीच परत येत. सायकल भिंतीला कुठे टेकवायची ती जागा त्यांनी स्वतः झाडून काढली, आणि रात्री आम्ही तिथे अंथरूण घातलं तर ‘जरा सरकून घाला’ म्हणायला लागले.

आत्याला कवळी हवी होती. ही दादांची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून आमच्याकडेच असायची. तिला खाली सात दात होते आणि वरती एकही नव्हता.

“मराच्या आधी एकदा ऊस खायचाय मला,” आत्या म्हणायची.

“आत्या, कवळीनं ऊस नाही खाता येत.”

“तू खाऊन बघितला का? नाय ना? मंग गप बैस!”

मला मनगटी घड्याळ हवं होतं. कॉलेजला वेळेवर पोचता यावं म्हणून, असं मी सांगत होते. खरं म्हणजे मला वेळ बघायची नव्हती, मनगट दाखवायचं होतं. वर्गातल्या मुली बाही मागे सारून ‘पाच मिनिटं राहिली’ म्हणायच्या ना, तेव्हा मीही नकळत बाही मागे सारायचे. पण रिकाम्या मनगटावर पाच मिनिटं काही दिसत नाहीत!

आणि आई? आई म्हणायची, “तुमचं ठरवा तुम्ही. मला काय लागतंय?” हे ती इतक्या पटकन म्हणायची, की पुढे काही विचारायची आम्हाला कधी गरजच वाटली नाही.

पण सायकल, कवळी आणि घड्याळ यातलं काहीच साहेबांना सांगण्यासारखं नव्हतं. शेवंताकाकूंनी आतली बातमी आणली होती, की ‘शिलाई मशीन’ म्हटलं की साहेब लोक खूश होतात. आमच्या घरात बटण लावता येणारं माणूस नव्हतं. तुटलेल्या बटणाच्या जागी आम्ही सेफ्टी पिन लावायचो. तरी ठरलं, शिलाई मशीन. मी चार दिवस आईकडून घोकून घेतलं.

गुरुवारी सकाळी व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांदे निवडायला जाताना आई मला बजावून गेली. “तीनच्या आत येते मी. आनि घरात उगा काय मांडू नको. साहेब गरिबीच बघाया येनार नं? ती हाय की आपली सोताची, उसनी आनायची गरज नाय. मानूस चहा पिल, तेवढ्या कपबशा आन काकूंच्या. बास!”

बास म्हणाली होती. शब्द न् शब्द आठवतो मला.

मी कपबशा आणायला गेले. काकू म्हणाल्या, “साहेब येनार? आनि बसवनार कशावर, पिंपावर?” म्हणून खुर्ची आणली. ड्रायव्हरकाकू खुर्ची देताना म्हणाल्या, “मागं नुसती मातीची भिंत दिसंल की गं!” म्हणून भिंतीला चादर लावली. चादर जरा ओकीबोकी दिसते म्हणून तिच्यावर घड्याळ आलं. मग टेबलफॅन आला. तो तर मी मागितलाही नव्हता, त्याचे मालक आपणहून खांद्यावर घालून घेऊन आले.

“अहो, पण आमच्याकडे लाइट नाही!”

“नसू दे. वायर ट्रंकेमागं सोड. कोण बघतंय?”

अर्ध्या तासात आमचं घर असं दिसायला लागलं, की त्यात पाय ठेवायला माझं मलाच संकोचल्यासारखं झालं. मी खुर्चीत बसून पाहिलं, साहेबांना काय काय दिसेल ते. घड्याळ छान. पंखा छान. आणि बरोबर समोर, मागच्या उघड्या दारातून, आमची न्हाणी! तीन बाजूंना गंजके पत्रे आणि चौथ्या बाजूला खताच्या गोणीचं फाटकं गोणपाट. वाऱ्यानं ते असं काही फडफडत होतं, की जणू मला हात करून बोलावत होतं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एवढं सगळं करायचं आणि साहेबांनी हे बघायचं?

गल्लीच्या तोंडाशी कचरूमिस्त्रींचं सुतारकाम चाले. त्यांनी गंगापूर रोडच्या कुठल्याशा बंगल्यासाठी एक सागवानी दार तयार करून भिंतीला उभं केलं होतं. पितळी कडीचं, तुकतुकीत. मी हात जोडले. मिस्त्री आधी नाही म्हणाले, मग ‘साहेबांना सांग, काम कचरूचं हाय’ या अटीवर कबूल झाले.

“सहाला नेनार मी परत. आनि पॉलिश वलं हाय, हात लावू नका कोनी!”

दार आलं, पण दाराला चौकट लागते ही गोष्ट तोवर माझ्या लक्षात आली नव्हती. (कॉलेजात तर्कशास्त्र शिकत होते मी.) उभं केलं की ते पडायचं. शेवटी आत्याला न्हाणीत घातलं आणि आतून दोन्ही हातांनी दार धरून उभं राहायला सांगितलं.

“किती येळ गं रंजे?”

“साहेबांचा चहा होईपर्यंत.”

“साहेब गरम पितो का निववून?”



दादांना मी इस्त्रीचा सदरा घालून बसस्टॉपवर उभं केलं होतं, साहेबांना मानानं आणायला. साहेब सायकलवरून, दुसऱ्या गल्लीनं, अर्धा तास आधीच आले. दादा तिथे संध्याकाळपर्यंत उभे होते.

साहेब म्हणजे पन्नाशीचा, किडकिडीत, दमलेला माणूस. उंबऱ्यात थांबून त्यांनी आत पाहिलं, मग हातातल्या कागदाकडे, मग पुन्हा आत. “पत्ता बरोबर आहे ना?” असं त्यांनी दोनदा विचारलं. मी ऐटीत खुर्ची पुढे केली. ते बसले, रुमालानं मान पुसली आणि म्हणाले, “फार उकडतंय. पंखा लावता का जरा?”

“लाइट गेलेत, साहेब.”

“तुमच्याकडेही जातात का?” ते सहानुभूतीनं म्हणाले आणि त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मला वाटलं, चांगलंच लिहिलं असणार!

तोवर दारात गल्ली जमली होती. साहेबांना बघायला नव्हे, आपापल्या वस्तूंवर लक्ष ठेवायला. साहेब कपाला हात घालणार एवढ्यात मागून काकूंचा आवाज आला, “बशी जपून, साहेब. जोडी फुटंल.” साहेबांनी कप दोन्ही हातांनी धरला.

आणि आई आली. केसांत कांद्याची टरफलं, बोटं लाल झालेली. आपल्याच उंबऱ्यात तिचा पाय थबकला. तिनं घड्याळ पाहिलं, चादर पाहिली, मग माझ्याकडे असं पाहिलं, की रात्रीचा हिशेब त्या नजरेत पक्का झाला. पण परक्या माणसासमोर बोलायचं कसं? ती डोक्यावर पदर घेऊन खाली बसली. साहेबांकडे तोंड करून, न्हाणीकडे पाठ करून.

“तर बाई,” साहेब म्हणाले, “पैसे मिळाले तर काय कराल?”

“शिलाई मशीन घेईन,” आईनं धडा म्हणून दाखवला.

“शिवता येतं?”

“नाय.”

“घरात कुणाला?”

“नाय.” आई खोटं बोलायला चार दिवस शिकली होती, पण एकाच वाक्याचं.

मला वाटलं, संपलं! पण साहेब हसले. पेनाला टोपण घातलं आणि पुढे वाकून म्हणाले, “हे आजचं चौथं मशीन. कागदावर मी तेच लिहीन, काळजी करू नका. पण मला खरं सांगा. पैसे तुमच्या हातात पडले, तर तुम्ही काय आणाल? तुमच्यासाठी?”

तुमच्यासाठी, हा शब्द तिला कुणी याआधी विचारलाच नसावा. मी तरी विचारला नव्हता. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

“साहेब, मला न्हानीला दार लावायचंय.”



“ही पोर न्हाते तवा मी गोधडी धरून हुभी ऱ्हाते बाहेर. माझ्या टायमाला कोन धरनार? सगळी आपापल्या कामाला. म्हनून मी पहाटंच उरकते, आंधारात. गार पानी, दोन तांबे, की झालं. गोनपाट उडतंय म्हनून एका हातानं त्ये धरायचं, आनि एका हातानं न्हायाचं. दार आसलं ना साहेब, तर आतून कडी लावीन. कडी लावली की मंग घाई नाय. एक तांब्या घ्यायचा, थांबायचं. दुसरा घ्यायचा, थांबायचं. लगीन होऊन आले तवापासून या घरात मी बसून न्हाले नाय.”

सतरा वर्षं मी त्या गोधडीआड खुशाल गाणी म्हणत आंघोळ केली होती, आणि माझ्यासाठी ती धरणारी बाई स्वतः कधी, कशी न्हाते, हा प्रश्न मला शिवला नव्हता. मला रडू फुटणार होतं. पण त्याच्या आत घाम फुटला. कारण साहेबांची नजर हळूहळू आईच्या डोक्यावरून पलीकडे गेली होती.

“बाई,” ते म्हणाले, “दार तर आहे की.”

“कुठलं दार?”

“ते काय. सागवानी दिसतंय.”

“काय गरिबाची चेष्टा करता साहेब?”

“साहेब, बिस्किट!” मी ओरडले. बिस्किट नव्हतंच. पण साहेब उठले, मागच्या दारानं बाहेर गेले, आणि दार खरं आहे की नाही ते बघायला त्यांनी त्यावर दोनदा टकटक केलं.

आतून आत्या कडाडली, “कोन हाय रं मेल्या? बाई मानूस न्हातंय आत, दिसत नाय का?”

साहेब असे मागे उडाले, की पंख्यावरच आदळले. “माफ करा! माफ करा बाई! मला कल्पना नव्हती!” बिचाऱ्यांचे कान लालबुंद झाले. दारात उभी असलेली गल्ली तोंडात पदर कोंबून भिंतीकडे वळली. साहेब पुन्हा बसले आणि मान वर न करता भराभर लिहायला लागले. पॉलिशनं तपकिरी झालेल्या त्यांच्या बोटांचे ठसे आमच्या कागदावर उमटत होते.

जाताना ते आईला म्हणाले, आणि रागावून नव्हे, अगदी मऊ आवाजात म्हणाले, “बाई, तुमचं घर चांगलं आहे. देव करो आणि असंच राहो. पण ज्यांच्याकडे काहीच नाही, त्यांना आधी द्यावं लागतं.”

साहेबांची सायकल गल्लीबाहेर गेली, तशी न्हाणीतून हाक आली, “गेला का मुडदा? रंजे, माझे हात दाराला चिकटले!”

परक्यासमोर मान खाली घालून बसलेल्या आईनं तेव्हा कुठे वळून पाहिलं.

मी गालाची तयारी ठेवून उभी होते. खरं तर तिनं मला बडवायला हवं होतं. खरं सांगायला तिला आयुष्यात एकदा कुणी बसवलं होतं, आणि तिचं खरं मी माझ्या हातानं खोटं पाडलं होतं. पण आई माझ्याकडे बघतच नव्हती. ती उठून दाराजवळ गेली. पदराला हात पुसले आणि पितळी कडीवरून बोट फिरवलं. मग कडी एकदा वर केली, एकदा खाली केली.

“मिस्त्री कवा नेनार?”

“सहाला.”

तिनं मास्तरांच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेतीन.

“चूल पेटव,” आई म्हणाली. “मोठं पातेलं ठेव.”

भर दुपारी, लख्ख उन्हात, आई आंघोळीला बसली. बाहेरून एका बाजूनं मी आणि एका बाजूनं आत्या, अशा आम्ही, कडी आत येईल असं दार फिरवून, ते धरून उभ्या. आतून कडी वाजली. लावायला समोर कोयंडा नव्हता, पण तिनं ती लावली. एक तांब्या पाणी पडल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. मग दुसरा. मग पुन्हा कितीतरी वेळ काहीच नाही. आणि मग आत बारीक आवाजात एक ओवी सुरू झाली. आईला गाता येतं, हे मला सतराव्या वर्षी कळलं.

मिस्त्री वेळेआधीच आले. आवाज ऐकून गल्लीच्या तोंडाशीच थांबले, आमच्याकडे पाठ केली आणि म्हणाले, “होऊ द्या सावकाश. बंगलेवाला काय पळून नाय चालला.”

सहानंतर दार गेलं. खुर्ची, घड्याळ, चादर, सगळं आपापल्या घरी गेलं. दादाही परत आले. इस्त्री मोडलेली, आणि तोंडावर काळजी: “साहेब आलाच नाय गं. बरा आसंल ना?”

महिन्यानं कचेरीचं पत्र आलं. दादांनी मला ते मोठ्यानं वाचायला लावलं. “अर्जदाराचे घरी वीज आहे. टेबलपंखा एक, खुर्ची एक, भिंतीवरील घड्याळ एक, न्हाणीस सागवानी दार एक, सुस्थितीत. सबब अर्ज नामंजूर.” वाचता वाचता माझा आवाज खाली जात होता आणि दादांची मान वर येत होती. “पुन्हा एकदा वाच,” ते म्हणाले. एवढं सगळं आपल्या नावावर आहे, हे त्यांना पुन्हा ऐकायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चांगलं उजाडल्यावर, मी पातेलं तापवलं, आईच्या हातातून गोधडी घेतली आणि तिला म्हटलं, बस आत, घाई करू नको. ती नको नको म्हणाली, आणि गेली. तेव्हापासून माझं लग्न होईपर्यंत रोज सकाळी मी न्हाणीपुढे हात पसरून उभी असायचे. पुढे मी बी.ए. केलं, बी.एड. केलं, शाळेत लागले, चार लोक बाई म्हणून नमस्कार करायला लागले. पण सरकारदरबारी माझी पहिली नोंद झालेली आहे ती न्हाणीचं दार म्हणून, आणि त्यातही सागवानी आणि सुस्थितीत हे दोन्ही शब्द साहेबांनी मोठ्या मनानंच लिहिलेले आहेत!